न झालेल्या दंगलीचा हिशेब : भिवंडीच्या मोहल्ला समित्या आणि पोलिसांची मोजपट्टी

१/ डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईत दोन टप्प्यांत उसळलेल्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्याच दिवसांत ठाण्यापलीकडच्या भिवंडीत मोठी दंगल झाली नाही. १९७० आणि १९८४ या दोन वर्षांनी ज्या गावाचे नाव दंगलीशी कायमचे जोडून टाकले होते, ते गाव शांत राहिले. या दीर्घ थ्रेडचा विषय ती न झालेली दंगल हा आहे. तिचे श्रेय कोणाला द्यायचे, आणि मुळात न घडलेल्या गोष्टीची नोंद करायची कुठे, या प्रश्नापाशी पोलीस दल शंभराहून अधिक वर्षे अडखळत आले आहे.

२/ आधी गाव समजून घेऊ. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. जुने कोकणी मुस्लिम जमीनदार, आझमगड-मऊ-बनारस पट्ट्यातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताच्या व्यापारातले गुजराती-मारवाडी आणि मराठी वस्ती. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मागावर उभा राहणारा तिसराच. माग थांबला की सगळ्यांचीच चूल थंडावते. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. न्या. डी. पी. मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणांची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली, आणि या वेळी आग ठाणे-मुंबईतही पोचली.

३/ मादन आयोगाचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दंगलखोरांइतकीच पोलिसांच्या तपासाचीही झाडाझडती आहे. भिवंडीतील गुन्ह्यांच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या कामावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. म्हणजे १९८८ साली या गावात बदलून येणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे दोन वारसे होते : एकमेकांवर विश्वास नसलेले दोन समाज, आणि ज्यांच्यावर त्यांपैकी एकाचा तर अजिबातच विश्वास नव्हता असे पोलीस.

४/ त्या वर्षी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीतील भिवंडीत सुरेश खोपडे उपायुक्त म्हणून आले. दंगल रोखण्याचे प्रचलित साधन होते शांतता समिती. सण जवळ आला किंवा तणाव वाढला की तिची बैठक बोलावली जाई. नगरसेवक, पक्षांचे पुढारी, धनिक आणि धर्मगुरू येत, भाषणे होत, चहापान होई, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येई. (महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल.) खोपडे यांचा आक्षेप असा होता की, ज्यांच्या गल्लीत दगड पडतो ती माणसे या बैठकीत नसतातच, आणि जे असतात, त्यांच्यापैकी काहींना तणाव टिकण्यातच रस असतो.

५/ म्हणून त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. गावाचे लहान भाग पाडून मोहल्ल्यागणिक समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या ७० पर्यंत गेली. दोन्ही समाजांची माणसे त्यांत असावीत, ती सामान्य असावीत, आणि बैठक तणावाची वाट न पाहता नियमितपणे व्हावी, एवढी ही कल्पना होती. समितीचे काम त्या त्या भागातल्या पोलीस कर्मचाऱ्यांमार्फत चाले. चर्चेचे विषय तरी कोणते? नळाचे पाणी, गटार, भाड्याची कटकट, पोरांची मारामारी. धार्मिक सलोख्यावरची व्याख्याने तिथे फारशी उपयोगाची नव्हती, कारण दंगल बहुधा सलोख्याच्या अभावी पेटत नाही. ती अशाच एखाद्या क्षुल्लक भांडणाला धर्माचे नाव मिळाल्यावर पेटते.

६/ इथवरची कथा अनेकांनी सांगितली आहे. खोपडे यांनी स्वतःही ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात ती मांडली. तिच्यातला कमी चर्चिलेला भाग पोलीस ठाण्याच्या आतला आहे : या कामाकडे स्वतः पोलीस कसे पाहतात? या प्रश्नाचे उत्तर पोलिसांच्या स्वभावात शोधण्याचा मोह होतो. ते पुष्कळदा त्यांच्या नोंदवह्यांत सापडते.

७/ एक साधे उदाहरण घेऊ. दोन शेजाऱ्यांत नळावरून भांडण झाले. बीटच्या हवालदाराने संध्याकाळी दोघांना समितीत बसवले, तासभर ऐकून घेतले, भांडण मिटले. स्टेशन डायरीत याची नोंद झालीच तर एका ओळीची. आता तेच भांडण वाढले, डोकी फुटली. गुन्हा दाखल झाला, आरोपी अटक झाले, प्रतिबंधक कारवाई झाली, दोषारोपपत्र गेले. महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये वाचून दाखवायला आता चार आकडे आहेत. पहिल्या हवालदाराने काम केले आणि दुसऱ्याचे काम दिसले. जो अधिकारी आकडे मागतो, त्याच्या डोळ्यांत कोण भरणार हे सांगायला नको.

८/ ही मोजपट्टी आली कुठून? इथे थोडे मागे, पेशवाईच्या अखेरीपर्यंत जावे लागेल. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावगाड्यातल्या पोलीस व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. गावाच्या सुरक्षेची जबाबदारी पाटलाची. प्रत्यक्ष राखण करणारे रामोशी, भिल्ल, महार असे वतनदार जागले. रात्री गस्त घालणे, आल्यागेल्याची खबर ठेवणे, गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक ठाऊक असणे हे त्यांचे काम.

९/ चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढी. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोचला की ती जबाबदारी त्या गावाच्या जागल्याकडे जाई. माग जिथे संपे, तिथे भरपाई : जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यायची, उरलेली गावावर पडायची. या व्यवस्थेत यशाची कसोटी एकच होती. गेलेला माल किंवा त्याची किंमत धन्याला परत मिळाली का? किती पकडले आणि किती दंडिले, हा प्रश्न दुय्यम.

१०/ या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जे गाव चोरी थांबवूही शकत नव्हते त्याच्याकडून भरपाई घेणे अन्यायाचे आहे, हे एल्फिन्स्टनलाही दिसत होते; पूर्ण रक्कम क्वचितच वसूल होई, असेही तो नमूद करतो. शिवाय ओझे सर्वांत आधी पडे ते गावातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसावर. ‘समाजाच्या सहभागाचे पोलीसकाम’ या शब्दप्रयोगात समाज म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि पुढे मुंबईतही तो परत येणार आहे.

११/ त्याच सुमारास लंडनमध्ये दुसरी एक कसोटी लिहिली जात होती. १८२९ मध्ये मेट्रोपोलिटन पोलीस दल स्थापन झाले तेव्हा रोवन आणि मेन या पहिल्या दोन आयुक्तांच्या सूचनांत गुन्हा होऊ न देणे हेच मुख्य उद्दिष्ट ठरवले होते, आणि गुन्ह्यांचा अभाव हाच दलाच्या कार्यक्षमतेचा उत्तम पुरावा मानला होता. (रॉबर्ट पील यांच्या नावाने सर्वत्र फिरणारी ‘नऊ तत्त्वे’ त्या स्वरूपात पील यांनी लिहिलेली नाहीत. तो साचा विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराच्या लेखनातून रूढ झाला.) ‘अभाव हाच पुरावा’ हे वाक्य ऐकायला सुंदर आहे. अडचण एवढीच की, अभावाचे बिल कोणाच्या नावे फाडायचे ते त्यात सांगितलेले नाही.

१२/ हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनी लंडनचा नमुना आणला नाही. १८५७ च्या उठावानंतर, १८६० च्या पोलीस आयोगातून १८६१ चा पोलीस कायदा निघाला. त्यामागची धारणा राज्य टिकवण्याची होती. वस्तीशी नाते जोडणे हा तिचा हेतू नव्हता. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील टिकला खरा, पण आता तो दंडाधिकाऱ्याच्या हाताखालचा, वर्दी देणारा माणूस झाला. भरपाईची जुनी पद्धत मावळली. तिच्या जागी तक्ते आले : दाखल गुन्हे, उघडकीस आलेले गुन्हे, शिक्षा, हस्तगत मुद्देमाल.

१३/ तक्त्यांचे परिणाम लवकरच दिसू लागले. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने भारतीय पोलिसांना अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी ठरवले, हे सर्वश्रुत आहे. आकडेवारीवरून पोलिसांचे मूल्यमापन करण्याच्या प्रथेचे दुष्परिणामही त्या आयोगापुढे आले होते, हे तितकेसे सांगितले जात नाही. उघडकीचे प्रमाण चांगले दिसायला हवे असेल तर दोन मार्ग असतात. जास्त गुन्हे उघडकीस आणणे हा कष्टाचा. न सुटणारे गुन्हे दाखलच न करून घेणे हा सोपा. पोलिसी बोलीत या दुसऱ्या मार्गाला ‘बर्किंग’ असे नावच पडले आहे. ज्या गोष्टीला खात्यात स्वतंत्र नाव मिळते ती अपवाद नसते.

१४/ स्वातंत्र्यानंतर तक्ता बदलला नाही, अधिक नेटका झाला. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाल्यावर हे काम त्याच्याकडे गेले. त्यात ‘दंगा’ या शीर्षाखाली दाखल गुन्ह्यांची संख्या मिळते. टळलेल्या दंगलीसाठी अर्थातच रकाना नाही, आणि तो असणार तरी कसा?

१५/ धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) हा गुंता ओळखला होता. आयोगाच्या आठव्या आणि अखेरच्या अहवालात पोलिसांच्या उत्तरदायित्वाची चर्चा आहे. केवळ गुन्ह्यांच्या आकड्यांवरून पोलीसकामाचे मोजमाप करू नये, असा तिचा रोख. ज्या १९८१ साली तो अहवाल पूर्ण झाला, त्याच वर्षी ठाणे पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. सात वर्षांनी त्याच आयुक्तालयातला एक उपायुक्त, आकड्यांत न मावणारे काम आपल्या हवालदारांना सांगू लागला.

१६/ अमेरिकेतही याच प्रश्नाने पोलीस शास्त्रज्ञांना छळले, आणि तिथे निदान प्रयोग तरी झाले. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत १५ बीटचे तीन गट केले गेले : एकात नेहमीची मोटार गस्त बंद, दुसऱ्यात पूर्ववत, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. त्याचा १९८१ चा निष्कर्ष अधिक गमतीचा होता : पायी गस्तीने गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. आता हा प्रयोग यशस्वी म्हणायचा की अयशस्वी? पोलिसांच्या तक्त्यानुसार तो फसला. रात्री दिवाबत्तीला बाहेर पडणाऱ्या म्हातारीला विचारले तर उत्तर वेगळे येईल. आणि संशोधकांना ते कळले, कारण त्यांनी म्हातारीला विचारले होते.

१७/ आता पुन्हा भिवंडी. १९९२-९३ च्या शांततेचे श्रेय समित्यांना द्यावे का? समाजशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हे सिद्ध करणे अवघड आहे. शंका घेणारा म्हणेल, १९८४ ची होरपळ ताजी होती. मागांच्या अर्थकारणाने हात आवरले. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी संयम पाळला. हे सारे खरे असू शकते. पण १९७० ची होरपळ १९८४ ला थांबवू शकली नव्हती, आणि सुताचा व मागाचा परस्परावलंबी व्यवहार त्या दोन्ही वर्षी तितकाच होता. १९८८ नंतर गावात जी नवी गोष्ट उभी राहिली होती, ती समित्यांची. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात दंगलप्रवण आणि शांत शहरांच्या जोड्या लावून, दोन समाजांना रोजच्या व्यवहारात बांधणाऱ्या संस्थांवर बोट ठेवले. भिवंडीचे उदाहरण त्यांना महत्त्वाचे वाटले, कारण अशी वीण बाहेरून, चक्क पोलिसांच्या पुढाकारानेही विणता येते असे ते सुचवते.

१८/ मुंबईत याच काळात पोलिसांचे काय झाले होते, ते श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ मध्ये पटलावर आलेल्या अहवालात आहे. मुस्लिमांविषयी पोलिसांच्या मनात असलेल्या पूर्वग्रहाची नोंद आयोगाने घेतली आणि ३१ पोलीस कर्मचारी-अधिकाऱ्यांना नावानिशी दोषी धरले. वस्ती आणि ठाणे यांच्यातला धागा तुटला की गोळी कोणत्या दिशेला आणि कोणत्या हिशेबाने सुटते, याचा तो दस्तऐवज आहे.

१९/ दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला एकता समित्या सुरू झाल्या. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही त्यामागची प्रमुख नावे. पोलीस ठाण्यांच्या हद्दींत बैठका, सणासुदीला संयुक्त गस्त, आणि पोलीस व वस्तीतली मुले यांच्यात ‘क्रिकेट फॉर पीस’ सामने. क्रिकेटवर हसणे सोपे आहे. पण जो शिपाई तोवर वस्तीत झडतीसाठीच शिरला होता, त्याला क्षेत्ररक्षणासाठी शिरताना पाहणे त्या मुलांसाठी आणि शिपायासाठीही नवे होते.

२०/ या समित्यांचे टीकाकारही आहेत. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ थॉमस ब्लॉम हॅन्सन यांनी ‘वेजेस ऑफ व्हायलन्स’ (२००१) या मुंबईवरील ग्रंथात त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले : दंगलीत गमावलेला अधिकार आणि वस्तीतली माहिती पोलिसांना या मार्गाने परत मिळत होती. इथे पोलिसांच्या वृत्तीतली दुसरी अडचण समोर येते. समितीचा सदस्य अधिकाऱ्याला भागीदार वाटतो की खबरी? खबरी हा पोलिसांना समजणारा जुना प्रकार आहे. त्याची किंमत त्याने दिलेल्या टिपेवरून ठरते. ज्या ठाण्यात सदस्याचे मोल असे ठरू लागते, तिथे सामान्य माणूस बैठकीला येणे थांबवतो आणि हद्दीतले दलाल खुर्च्या धरतात. वर दहाव्या भागात आलेला ‘समाज म्हणजे कोण’ हा प्रश्न तो हाच.

२१/ देशात इतरत्रही असे प्रयोग झाले. तमिळनाडूत रामनाथपुरमला १९९३ मध्ये प्रतीप फिलिप यांनी ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ सुरू केले, तिरुचिरापल्लीत जे. के. त्रिपाठी आयुक्त असताना बीट अधिकाऱ्यांची व्यवस्था गाजली. या यादीकडे पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक प्रयोग एका अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. यात गौरव आहे, पण निदानही आहे. ज्या कामाला खात्याच्या तक्त्यात जागा नाही, ते चालवायला कोणाची तरी हौस लागते. आणि भारतीय पोलीस सेवेतल्या हौसेचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते, कारण त्यानंतर बदलीचा आदेश येतो.

२२/ हाताखालच्या कर्मचाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. नवा साहेब, नवी योजना. हवालदाराची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी अशा अनेक साहेबांना सलाम ठोकण्यात जाते. आज एकाला बैठकांचे छायाचित्र हवे, उद्या दुसऱ्याला नाकाबंदीचे आकडे हवे. समाजाभिमुख पोलीसकामाविषयी शिपायांच्या मनात जो थंडपणा आढळतो, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. बारा-चौदा तासांच्या बंदोबस्तानंतर, ज्याचा गोपनीय अहवालात उल्लेखही होणार नाही अशा बैठकीला जाऊन बसण्याचा हिशेब त्याने अनुभवातून मांडलेला असतो. शिकागोत १९९३ मध्ये अशीच योजना सुरू झाली तेव्हा वेस्ली स्कोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांची मते पद्धतशीर विचारून घेतली, आणि तिथेही साशंकता मोठी होती. फरक इतकाच की, तिथे ती विचारली गेली आणि छापली गेली.

२३/ आणि मग ५ जुलै २००६. भिवंडीतच. कोटरगेट भागात कब्रस्तानालगतच्या जागेवर नव्या पोलीस ठाण्याचे बांधकाम होणार होते. ती जागा कब्रस्तानाची असल्याचा दावा करत विरोध उभा राहिला. जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मरण पावली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले.

२४/ या घटनेचा तपशील वाचताना मन सुन्न होते ते एका साध्या कारणाने : वाद दोन समाजांतला नव्हता. हिंदू-मुस्लिम दंगल झाली का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येते. वाद वस्ती आणि पोलीस यांच्यात होता, आणि तोही ठाण्याच्या इमारतीवरून. ज्या गावात कधीकाळी ७० मोहल्ल्यांत पोलीस सतरंजीवर बसून नळाची भांडणे ऐकत होते, त्या गावात ठाणे कुठे बांधावे ही गोष्ट बोलून सुटली नाही. चार माणसे गेली. त्यांतल्या दोघांच्या अंगावर गणवेश होता.

२५/ ‘मग समित्यांचा उपयोग काय झाला?’ असे विचारता येईल. विचारणाराही तीच मोजपट्टी वापरतो आहे. १९९२ ला दंगल झाली नाही म्हणून समित्या यशस्वी, २००६ ला रक्त सांडले म्हणून अपयशी. चौदा वर्षांच्या दोन टोकांच्या दोन दिवसांवरून एका नात्याची परीक्षा करायची, आणि मधल्या काळात किती बैठका खरोखर भरल्या, कोण येत होते, कोणी येणे थांबवले, बीटचा शिपाई किती जणांना नावाने ओळखत होता, हे पाहायचे नाही. नाते विरते ते याच मधल्या काळात, आणि त्याच काळाचा तक्ता कोणी ठेवत नाही.

२६/ कोटरगेटनंतर सहाच दिवसांनी, ११ जुलै २००६ रोजी, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर गाड्यांत साखळी बॉम्बस्फोट झाले. दोनशेच्या आसपास प्रवासी गेले. मुंबईत त्यानंतर दंगल झाली नाही. श्रेयासाठी लगेच रांग लागली : मुंबईचे तथाकथित स्पिरिट, मोहल्ला समित्या, राजकीय पक्षांचा संयम, पोलिसांची तत्परता. यांतला कोणाचा वाटा किती, हे त्याही वेळी सांगता आले नाही. वर्तमानपत्रांना स्पिरिट आवडले, कारण त्याला कोणाची मुलाखत घ्यावी लागत नाही.

२७/ पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मोजपट्टीचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायचा प्रयत्न केला. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या, तंट्यांच्या नोंदवह्या, मिटवलेल्या तंट्यांवर गुण, आणि ठरावीक गुण मिळवणाऱ्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांचे पुरस्कार. पोलीस ठाण्याच्या मासिक कामकाजात या मोहिमेचा समावेश झाला आणि जे काम अधिकाऱ्यांच्या हौसेवर चालत होते त्याला प्रथमच राज्यभर रकाना मिळाला.

२८/ रकाना मिळताच वृत्ती बदलली, हे मान्य करावे लागेल. ठाणेदार गावच्या सभांना जाऊ लागले, पोलीस पाटलाला पुन्हा भाव आला, अनेक गावांत बांधावरून वर्षानुवर्षे चाललेली भांडणे खरोखर मिटली. जे थंडपणाचे कारण म्हणून वर सांगितले, ते इथे उलट बाजूने खरे ठरले.

२९/ पण आकडा आला की त्याची भूकही येते. भावकीतला बांधाचा तंटा आणि नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार, दोन्ही ‘मिटले’ की वहीत सारखेच दिसू शकतात. गावाच्या पुरस्काराची आशा, सरपंचाची प्रतिष्ठा, ठाण्याची टक्केवारी आणि सासरचे वजन एका बाजूला असताना तक्रार मागे घेणाऱ्या बाईने ती मनाने मागे घेतली की दबावाने, हे कोण ठरवणार? महिला चळवळीतल्या कोणालाही ही भीती नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तडजोडीच्या कागदावर तिची सही किंवा अंगठा असतो. सहा महिन्यांनी तिच्या घरी जाऊन कोणी विचारपूस केली का, हे गुणांच्या बेरजेवरून कळत नाही.

(थ्रेड समाप्त)